अ‍ॅटॉमिक हॅबिट्स: शिफ्टमध्ये काम करणाऱ्याने वाचलं तर

सेल्फ हेल्पची पुस्तकं मी बऱ्यापैकी वाचतो, बायको म्हणते वाचून काय फरक पडला ते आधी दाखवा, असो. त्यातलं जेम्स क्लिअरचं अ‍ॅटॉमिक हॅबिट्स, 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं, दीड कोटीच्या वर खपलेलं, आणि हल्ली इन्स्टावर कॉफीच्या मगाशेजारी फोटो काढायला वापरतात तेच. रिव्ह्यू टाकतोय कारण सगळीकडे 'लाइफ चेंजिंग' एवढंच लिहिलेलं असतं आणि आमच्यासारख्या शिफ्टवाल्यांना ते कितपत चालतं हे कोणी सांगत नाही. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, सीएनसीची म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची लाइन बघतो, त्या नजरेने वाचलंय.

तर मला जे वाटलं ते असं की हे पुस्तक म्हणजे आपलं फाइव्ह एस (प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची शिस्त) आणि पोकायोकेच (चूक होऊच न देणारी मांडणी) आहे, फक्त घरासाठी लिहिलेलं. लेखकाचं म्हणणं, सवय लावायची तर ती डोळ्यासमोर पाहिजे, हवीशी वाटली पाहिजे, करायला सोपी पाहिजे आणि केल्यावर लगेच बरं वाटलं पाहिजे, मोडायची असेल तर हेच सगळं उलटं करायचं. झालं, तीनशेच्या आसपास पानं ह्यावरच आहेत. आता ज्याने शॉप फ्लोअर बघितलाय त्याला हे नवीन नाही. शॅडो बोर्डवर स्पॅनरच्या आकाराची रंगवलेली जागा रिकामी दिसली की न बोलता कळतं कोणीतरी परत ठेवला नाही. फिक्स्चरमध्ये, म्हणजे मशीनवर जॉब (बनवायचा पार्ट) धरणाऱ्या पकडीत, एक पिन अशी मारलेली असते की जॉब उलटा बसतच नाही, मग ऑपरेटर काल जॉइन झालेला असो नाहीतर नाइटला पेंगत असो, रिजेक्शन निघत नाही. हेच पोकायोके. शिगेओ शिंगो ह्या जपानी इंजिनिअरने 1960 च्या दशकात ही कल्पना रुजवली, आणि तिचं सार एवढंच की माणसाला 'लक्ष दे रे' म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, चूक होऊच शकणार नाही अशी जागा बनवा. क्लिअर घराबाबत तेच सांगतो, मनोबलाच्या भरवशावर राहू नका, आजूबाजूची मांडणी बदला. बाकीची मोटिव्हेशनवाली पुस्तकं 'तू करू शकतोस' म्हणून पाठ थोपटतात आणि सोमवारी आपण परत जिथल्या तिथे, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. जपानी रेल्वेवाले सिग्नलकडे बोट करून मोठ्याने बोलतात तो किस्सा पण आहे ह्यात, तो मी आमच्या पोरांना सांगितला, आता सेटिंग चेक करताना ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेले टूलचे आकडे, मोठ्याने वाचतात. हसतात पण वाचतात.

घरी काय केलं तर फोनचा चार्जर बेडजवळून काढून हॉलमध्ये टीव्हीच्या मागे लावला, तोही अशा ठिकाणी की वाकावं लागतं. एवढ्याने झोपताना फोन बघणं जवळजवळ बंद झालं, कुठलाही निश्चय वगैरे केला नाही. बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप ब्रशच्या ग्लासात उभी ठेवायला लागलो, ब्रश उचलला की ती हाताला लागतेच. दोनच दिवसांत बायकोने ती उचलून देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली, म्हणाली बाथरूममध्ये ओल असते, गोळ्या खराब होतील. तिचंही बरोबरच आहे म्हणा! आता ब्रशही त्या फळीवर आलाय आणि आई रोज विचारते की दात घासायचा ब्रश देवाजवळ कशाला.

इथेच पुस्तकाचा पहिला मोठा घोळ आहे. लेखक असं धरून चालतो की घर तुमच्या एकट्याचं आहे. जे खायचं नाही ते नजरेआड करा म्हणतो. अहो, मी फरसाणचा डबा माळ्यावर टाकला, दुसऱ्या दिवशी पाहुणे आले आणि तो खाली आला, मग तो परत वर गेलाच नाही, जाणार पण नाही. चार-पाच माणसांच्या घरात ओट्यावर काय राहील हे मी ठरवत नाही, आणि ज्या बाईच्या डोक्यावर सगळ्यांचे डबे, शाळा, सासूची औषधं आहेत तिने 'आपली मांडणी' नक्की कुठे बदलायची? ह्यावर पुस्तकात फार काही हाती लागत नाही. घरात मांडणी बदलायची म्हणजे आधी वाटाघाटी करायच्या.

दुसरा घोळ शिफ्टचा. त्यात एक फॉर्म्युला दिलाय, मी अमुक काम तमुक वेळी तमुक जागी करणार असं लिहून काढा. जनरल शिफ्टवाल्याला मस्त आहे. आमच्याकडे आठवड्याला शिफ्ट फिरते, फर्स्टच्या आठवड्यात सहाला गेटवर पंच करायचं असतं आणि नाइटच्या आठवड्यात त्याच वेळेला डोळे मिटायला लागलेले असतात, मग 'रोज सकाळी सहाला चालायला जाणार' हे लिहून भिंतीवर चिकटवून काय उपयोग. पण लगेच पुढे तो दुसरी युक्ती देतो, जी सवय आधीपासून आहे तिच्या शेपटीला नवीन बांधा, आणि ही मात्र आपल्या कामाची आहे. घड्याळ सोडा, प्रसंग धरा. सेफ्टी शूज काढले की लगेच चपला न घालता चालायचे बूट घालायचे, मग ती दुपार असो, रात्र असो की सकाळ. दोन मिनिटांचा नियम पण ह्याच्याशी छान बसतो, म्हणजे सुरुवात एवढी छोटी ठेवायची की टाळायला लाज वाटेल. सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन आलो तरी झालं. बहुतेक वेळा गेटपर्यंत गेलेला माणूस पुढे जातोच.

आता जिथे मला वैताग आला ते. रोज 1 टक्का सुधारा, वर्षाच्या शेवटी 37 पट व्हाल! कॅल्क्युलेटरवर बरोबर आहे, 1.01 चा 365 वा घात 37.78 येतो, पण कुठल्याही प्रॉडक्शनवाल्याला विचारा, सायकल टाइममधले (एक जॉब बनायला लागणाऱ्या वेळातले) पहिले 10 सेकंद कमी करणं सोपं आणि शेवटचा अर्धा सेकंद काढताना घाम फुटतो. माणूस बँकेतली एफडी नाही. उत्साह वाढवायला ठीक आहे, गणित म्हणून नको.

आणि ती ब्रिटिश सायकलिंगची गोष्ट. डेव्ह ब्रेल्सफर्ड 2003 साली तिथल्या सायकल संघाचा प्रमुख म्हणून आला, उशी कुठली, हात कसे धुवायचे, ट्रकचा आतला भाग पांढरा रंगवला म्हणजे धूळ दिसेल, अशा बारीकसारीक सुधारणा केल्या आणि मेडलांचा पाऊस. वाचायला भारी वाटतं. पण 2018 च्या मार्चमध्येच ब्रिटिश संसदेच्या समितीने ब्रेल्सफर्डच्याच टीम स्काय ह्या सायकल संघाबद्दल अहवाल दिला होता की औषधांच्या वापरात त्यांनी नैतिक रेषा ओलांडली. पुस्तक त्यानंतर आलं आणि त्यात हा विषय एका तळटीपेत उरकलाय. मग पहिल्याच प्रकरणात एवढ्या थाटात ती गोष्ट ठेवायचीच कशाला? अशा 'ते जिंकले कारण' छापाच्या गोष्टी भरपूर आहेत, हरलेल्यांनीही उशा बदलल्या असतील की.

एक गोष्ट मात्र आवडली, 21 दिवसांत सवय लागते असलं काही हा छातीठोक सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर 21 दिवसांचा नुसता सुकाळ आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि मंडळींनी अभ्यास केला होता, त्यात सरासरी 66 दिवस आले आणि फरक किती तर 18 पासून 254 पर्यंत. त्यामुळे तुमचं अजून बसत नसेल तर शेजाऱ्याशी तुलना करत बसू नका.

भाषा सोपी आहे, मी इंग्रजीतून वाचलं, माझं इंग्रजी ड्रॉइंग आणि मॅन्युअलपुरतं, तरी अडलो नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सारांश असतो, तो इतका नेटका की मधलं वाचलं नाही तरी चालेल अशी शंका येते, आणि खरंच काही ठिकाणी चालतं. विकत घेणार असाल तर फुटपाथवरची झेरॉक्स कॉपी घेऊ नका, माझ्या मित्राने स्टँडबाहेरून आणली, त्यात मधली काही पानं दोनदा आणि काही गायब, तक्ते तर काळे ठिक्कर. नाशिकमध्ये सावानाचे (सार्वजनिक वाचनालयाचे) मेंबर असाल तर आधी तिथे विचारा, कारण दोनदा वाचायचं पुस्तक नाही हे.

पाचपैकी साडेतीन. वेळ कमी असेल तर 5, 6, 12 आणि 13 ही प्रकरणं वाचा, बाकीचं चाळा, आणि शिफ्टवाले असाल तर पाचव्यातला वेळ-जागेचा फॉर्म्युला सोडून सरळ शेपटीवाल्या युक्तीवर या.