जिराचा स्प्रिंट बोर्ड: आखणीला किती उपयोगी?

अ‍ॅटलासियनच्या जिरात, म्हणजे टीमची कामं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बॅकलॉगमधली (बाकी कामांच्या यादीतली) स्टोरी, म्हणजे कामाचा एक तुकडा, ओढून स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात) टाकली की पॉइंटची (कामाच्या आकाराच्या अंदाजाची) बेरीज लगेच दिसते. पण पैसे वसूल करतो तो बर्नडाउन चार्ट, म्हणजे उरलेल्या कामाचा आलेख. स्प्रिंट चालू असताना कुणी 5 पॉइंटचं काम आत सरकवलं, तर उतरणारी रेघ तिथेच वर उडी मारते, आणि कोणतं काम कधी घुसलं तेही खालच्या तक्त्यात सापडतं. काम का राहिलं, हा वाद तिथेच मिटतो.

गोची रकान्यांची आहे. बोर्डाच्या अगदी उजव्या रकान्यात पोचलेलं कामच पूर्ण धरलं जातं. सगळं टेस्टिंगमध्येच अडकून राहिलं तर रेघ शेवटच्या दिवसापर्यंत सपाट राहते आणि मग एकदम कोसळते. म्हणून स्टोरी 2-3 दिवसांत संपेल एवढीच कापा. पॉइंट स्टोरीलाच द्या, सब-टास्कचे (तिच्या पोटकामांचे) बेरजेत धरले जात नाहीत.

व्हेलॉसिटी चार्ट, म्हणजे दर स्प्रिंटला किती पॉइंट पूर्ण झाले त्याचा आलेख, जपून वाचा. अर्धवट राहिलेल्या 8 पॉइंटच्या स्टोरीचे या स्प्रिंटला शून्य आणि पुढच्याला पूर्ण 8 लागतात. मागचे आकडे 21, 34, 26 असतील तर सरासरीच्या, म्हणजे 27 च्या आसपासच काम घ्या, 34 धरून नको.

10 जणांपर्यंतच्या टीमला मोफत योजना पुरते.