मातीच्या विटेत काय मिसळावं: कच, राख की सुरखी?

दाबयंत्रावरच्या, न भाजलेल्या मातीच्या विटांनी घर बांधायचं ठरलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: मजबुतीसाठी कुठला टाकाऊ माल घालू? आधी माती बघा. काचेच्या बरणीत पाव भाग माती घ्या, वर पाणी भरून खूप हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वाळू, मधे गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. निवड त्यावरच ठरते.

चिकणमातीचा थर जाड असेल तर खडी क्रशरची कच घ्या. कच काही चिकटवत नाही, पण वाळताना चिकणमाती आकसते आणि वीट तडकते, ते ती आवरते. ५ ते ८ टक्के सिमेंट तरीही लागतंच. पहिल्यांदाच विटा पाडणाऱ्याला मी कचच सुचवेन. तिच्यात चुकायला जागा कमी.

कोराडी, चंद्रपूर, परळीच्या आसपास असाल तर औष्णिक केंद्राची राख जवळ पडते. लोक फसतात ते इथे. ही राख एकटी चिकटत नाही. तिच्यातली सिलिका चुन्याशी आणि पाण्याशी मिळते तेव्हा कुठे वीट घट्ट होते, तीही सावकाश. विटा गोणपाटाखाली २८ दिवस ओल्या ठेवायची तयारी हवी. पावसाळा तोंडावर असेल तर हा नाद नको.

साखर कारखान्याच्या बॉयलरमधली चिपाडाची राखही चुन्याबरोबर काम करते, फक्त मूठभर हातात घेऊन बघा. काळीकुट्ट आणि धाग्यांची असेल तर ती अर्धवट जळलेली आहे. पाणी पिते आणि वीट कमकुवत करते. करडी, चाळलेली घ्या. भाताच्या तुसाच्या राखेलाही हेच लागू.

सुरखी मला मनापासून आवडते. जुन्या वाड्यांच्या चुन्यात हीच भाजक्या विटांची पूड असायची. पाडकामातल्या विटांची करता येते, पण पिठासारखी बारीक हवी, म्हणजे मेहनत आली.

प्लॅस्टिकचे धागे मिसळले तर ते भेगा रोखून धरतात, पण विटेला पाण्यापासून वाचवत नाहीत. आणि काळ्या रानातली माती? ती पाण्याने फुगते. मी मुरूमच आणेन.

काहीही निवडा, आधी प्रत्येक मिश्रणाच्या दहा विटा पाडा. पूर्ण मुरल्यावर २४ तास पाण्यात बुडवा आणि खिळ्याने ओरखडा. कोरड्या विटेवर विसंबू नका. मातीच्या विटांसाठीचं भारतीय मानक (आयएस १७२५) सुद्धा ओल्या विटेचीच ताकद मोजतं.