पीएमओ घरचा की बाहेरचा? बुटीबोरीतल्या कारखानदारासाठी तुलना

एसएपी कंपनीच्या जुन्या ईसीसी या ईआरपी प्रणालीची (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) नेहमीची देखभाल 2027 च्या अखेरीस थांबते. जादा पैसे मोजले तर 2030 पर्यंत ढकलता येईल, पण ती वापरणाऱ्या नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्यातल्या कारखान्यांना बदल चुकणार नाही. आणि हा बदल एकट्या सॉफ्टवेअरचा नसतो. खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब सगळंच एकदम हलतं. दहा-बारा प्रोजेक्ट सोबत चालवायचे म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, म्हणजे पीएमओ, हवाच. तो आपल्या माणसांचा उभा करायचा की कन्सल्टन्सीला द्यायचा, एवढंच ठरवायचं उरतं.

प्रत्येक प्रोजेक्टला त्याचा मॅनेजर असतो. दोन प्रोजेक्टांच्या मधली जागा मात्र कुणाचीच नसते. स्टोअरचे मटेरियल कोड साफ झाल्याशिवाय खरेदीची चाचणी घेता येत नाही, हे दोन्ही विभागांना माहीत असतं आणि दोघंही दुसऱ्याची वाट पाहत बसतात. पीएमओ ती जागा सांभाळतो. सगळ्यांचं एकच वेळापत्रक ठेवतो, अडलेले निर्णय वरिष्ठांच्या स्टिअरिंग कमिटीपुढे नेतो, आधी काय आणि मग काय हे ठरवतो. समृद्धी महामार्ग आठवा: 701 किलोमीटरचं काम 16 पॅकेजांत वाटलं होतं. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये. कारखान्यातही कोणता तुकडा आधी सुरू झाला तर वापरता येईल, हा विचार पीएमओनेच करायचा असतो.

बाहेरची टीम आली की काम लवकर सुरू होतं. तक्ते, रिस्क रजिस्टर (संभाव्य धोक्यांची यादी) सगळं तयार असतं, आणि कटओव्हरच्या, म्हणजे जुन्या प्रणालीवरून नव्यावर जाण्याच्या, रात्री काय काय बिघडतं ते त्यांनी इतरत्र पाहिलेलं असतं. पहिल्यांदाच ईआरपी बदलणाऱ्याला ही शिदोरी विकतच घ्यावी लागते. दर महिन्याचं बिल मोठं असतं आणि गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू झाल्यावर, शिकलेलं सगळं त्यांच्यासोबत निघून जातं.

त्यांची खरी अडचण मी एका कारखान्यात जवळून पाहिली. डॅशबोर्डवर मास्टर डेटा (मटेरियल कोडसारखी मूळ माहिती) सलग सहा आठवडे हिरवा, म्हणजे ठीक चाललेला, दिसत होता, कारण शुक्रवारच्या कॉलवर विभागप्रमुखांना विचारलं जायचं, "किती टक्के झालं?" आणि उत्तर यायचं, "नव्वद". मी स्टोअरकीपर काकांसोबत रॅकपाशी उभी राहिले, तेव्हा एकाच बेअरिंगला तीन कोड निघाले आणि बिन कार्डावरचा (रॅकपाशी ठेवलेल्या साठ्याच्या नोंदीचा) आकडा तिन्हींशी जुळेना. गो-लाइव्ह दीड महिना पुढे गेलं. कन्सल्टंट हुशार होते, मेहनतीही होते. पण काकांनी हे मला सांगितलं, कारण वर्धा रोडवरून कंपनीच्या बसने आम्ही कित्येक वर्षं सोबत येत होतो. त्याच टीमने कामगारांचं प्रशिक्षण पोळ्याच्या आठवड्यात ठेवलं होतं. पोळा, मग मारबत, तान्हा पोळा. कंत्राटी कामगार गावाकडे गेलेले आणि हॉल रिकामा.

घरच्या पीएमओला हे आपसूक कळतं. त्याचं दुखणं निराळं आहे. प्रमुख आयटीखाली बसवला तर खरेदीवाले ऐकत नाहीत, हिशेबाखाली बसवला तर सगळे त्याला खर्चकपातीचा माणूस समजतात. महिनाअखेर आली की त्याला जुन्या कामावर ओढून नेलं जातं. आणि साहेबांच्या लाडक्या प्रोजेक्टला "थांबवा" म्हणायची वेळ आली की तो गप्प बसतो. म्हणून तो पूर्णवेळ हवा, थेट एमडींना उत्तर देणारा हवा, आणि तारीख रोखण्याचा अधिकार त्याला लेखी हवा. एवढं द्यायची तयारी नसेल तर घरचा पीएमओ उभा करूच नका.

दोन-तीनच प्रोजेक्ट असतील तर चांगला मॅनेजर पुरतो. मोठा बदल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: प्रमुख आपला, आणि नियोजन व कटओव्हरसाठी बाहेरची दोन-तीन अनुभवी माणसं. ती आठवड्यातले किमान चार दिवस प्लांटमध्ये बसतील, हे करारात घाला. "किती टक्के" ऐवजी "किती कोड तपासले, यादी दाखवा" असा अहवाल मागा. शेवटचा हप्ता गो-लाइव्हच्या दिवशी देऊ नका. नव्या प्रणालीवर दोन महिनाअखेरी नीट पार पडल्या आणि स्टोअरचा साठा मोजून जुळला, की मग द्या.