वाळू सांधणारे जिवाणू: किनाऱ्यावर कितपत कामाचे?

स्पोरोसार्सिना पाश्चुरी हा जिवाणू युरियाचं विघटन करतो आणि कॅल्शियम मिळालं की वाळूच्या कणांच्या सांध्यावर कॅल्साइट (चुन्याचं खनिज) धरतं. हेच जैवसिमेंट. आधी जिवाणूंचं द्रावण मुरवायचं, मग लिटरला 30 ग्रॅम युरिया आणि 73.5 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. जिवाणू आणि हे द्रावण एकदम ओतलं तर सोडायच्या नळीच्या तोंडाशीच साका बसतो, नळी तुंबते आणि खालची वाळू सुटीच राहते. चिकणमाती असलेल्या वाळूत तर ते नीट उतरतच नाही.

बेताने केलं तर वाळू घट्ट होऊनही पाणी निचरतं, ही मोठी जमेची बाजू. पण पूर्ण विक्रियेत लिटरमागे 50 ग्रॅम कॅल्साइटसोबत 53.5 ग्रॅम अमोनियम क्लोराइड तयार होतं. ते धुऊन गोळा न करता खाडीत सोडणं म्हणजे माशांच्या जिवावर उठणं.

प्लास्टिकच्या (पेट) बाटल्यांचे धागे वाळूत मिसळल्याने ठिसूळपणा कमी होतो, तरी लाटांच्या माऱ्यात ते सुटून मायक्रोप्लास्टिक होणार. वाळूच्या टेकड्यांचा वरचा थर बांधायला पद्धत उत्तम, थेट लाटा आदळतात तिथे नको. आणि असं प्लास्टिक संपवायला जनुकं बदललेले प्लास्टिकखाऊ जिवाणू बंद टाकीतच राहू देत, उघड्या पुळणीवर नाहीत.