कुरोसावाचा 'हाय अँड लो' आधी बघू की कोरेएदाचा 'शॉपलिफ्टर्स'? बायका कुठे नीट दिसतात?

दोन्ही जपानी दिग्दर्शकांचे सिनेमे, दोन्हींत गुन्हा, दोन्हींत मूल पळवल्याचा मामला, आणि दोन्ही जबरदस्त. पण जपानी क्राइम सिनेमात बायकांचं आणि कडेला पडलेल्या लोकांचं काय दाखवलंय हे बघायचं असेल आणि हातात एकच संध्याकाळ असेल, तर माझं मत सरळ 'शॉपलिफ्टर्स'ला. का ते सांगते, थोडे स्पॉयलर येतील.

'हाय अँड लो' 1963 चा, ब्लॅक अँड व्हाइट, 143 मिनिटं. योकोहामात टेकडीवर एसी बंगल्यात राहणारा बुटांच्या कंपनीतला बडा माणूस गोंदो (तोशिरो मिफुने), त्याच्या पोराऐवजी चुकून ड्रायव्हरचं पोर पळवलं जातं आणि खंडणी मागतात 3 कोटी येन. सुरुवातच बघा, दिवाणखान्यात कंपनीचे पुरुष बसलेत आणि बायकांचे बूट कसे असावेत यावर भांडतायत, गोंदो तो स्वस्तातला बूट हातानं टराटरा फाडून दाखवतो, पण जी बाई तो घालून दिवसभर चालणार तिला कसा वाटतो हे कोणी विचारत नाही. मला तर तिथेच सगळं कळलं.

गोंदोची बायको रेइको (क्योको कागावा) पहिल्यापासून म्हणते की पैसे देऊन टाका, पोराचा जीव महत्त्वाचा. बरोबर तीच असते, पण निर्णय नवऱ्याचा, आणि वर तिलाच ऐकावं लागतं की तू श्रीमंतीत जन्मलीस, तुला गरिबी काय माहीत. पुढे तपास सुरू झाला की पोलिसांच्या खोलीत घामेजलेले पुरुषच पुरुष. आणि शेवटाकडे गर्दुल्ल्यांची ती गल्ली येते, पोर पळवणारा माणूस तिथली एक व्यसनी बाई निवडतो, हेरॉइन किती कडक आहे ते तपासायला. तिला नाव पण नाही. बारमध्ये परदेशी गिऱ्हाइकं दिसतात, काळे लोक पण, पण ती नुसती गर्दी. श्रीमंत-गरीब दरी मात्र हा सिनेमा जितकी टोचून दाखवतो तितकी फार कमी ठिकाणी बघितलीये, त्यासाठी तो बघाच, फक्त या प्रश्नासाठी नाही.

'शॉपलिफ्टर्स' 2018 चा, दोन तासांचा, कान्स फेस्टिवलला पाम द'ओर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालेला. टोकियोत एका जुन्या खुराड्यात सहा जण राहतात, दुकानातून चोऱ्या करतात, आजीच्या पेन्शनवर भागवतात. इथे बायका गोष्टीच्या मधोमध आहेत आणि चौघी चार तऱ्हेच्या. आजी (किरिन किकी), लाँड्रीत कपडे इस्त्री करणारी नोबुयो (साकुरा अँडो), काचेपलीकडच्या गिऱ्हाइकासमोर अंग दाखवून पैसे कमावणारी अकी, आणि घरी मार खाणारी चिमुकली युरी, जिला हे लोक थंडीत बाहेर कुडकुडताना बघून घरी आणतात. लाँड्रीत नोबुयो आणि तिची सहकारी, या दोघींपैकी एकीला काढायचं असतं आणि कोण जाणार ते त्यांनाच ठरवायला लावतात, हा सीन बघताना पोटात गोळा येतो, कारण असं कुठेही होऊ शकतं. कोरेएदा अकीला बिचारी करत नाही की वाईट ठरवत नाही, तिचं काम काम म्हणूनच दाखवतो, हे मला फार आवडलं.

आणि बाथटबचा सीन! नोबुयोच्या हातावर इस्त्रीचा चटका, तसाच डाग पोरीच्या हातावर, ती पोर हळूच बोटानं नोबुयोचा डाग चोळते. बस, एवढंच. कुठलाही डायलॉग हे सांगू शकला नसता.

शेवटाकडे हे लोक पकडले जातात, तेव्हा नोबुयोची चौकशी करणारी एक बाईच आहे हेही बघा. पण ती बाई आहे म्हणून नोबुयोला समजून घेते असं काही नाही, उलट सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न तीच विचारते: मुलं तुम्हाला काय हाक मारायची? नोबुयो उत्तर देऊ शकत नाही, तळहातानं डोळे पुसते, परत पुसते, केस मागे सारते, परत पुसते, आणि कॅमेरा हलत नाही. नुसत्या बायका मोजून सिनेमा चांगला की वाईट ठरवणाऱ्यांनी हा सीन दोनदा बघावा.

एक कमी मात्र आहे, जपानमधले कोरियन वंशाचे लोक किंवा बाहेरून आलेले कामगार यांना दोन्ही गोष्टींत जागा नाही. त्या अर्थाने डायव्हर्सिटी हवी असेल तर दोन्हींकडून फार आशा ठेवू नका.

घरी आईसोबत बघणार असाल तर अकीच्या कामाचे सीन आहेत हे आधी सांगून ठेवा, पण बघा तिच्यासोबतच. मी तसाच बघितला, आणि त्या चौकशीच्या सीननंतर आई बराच वेळ माझा हात धरून बसली होती.