जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट: कुणाला परवडतं, कुणाला नाही

आधी निकाल सांगून टाकतो. गाडी महिन्याला हजार किलोमीटरच्या वर पळत असेल, इंजिन ठणठणीत असेल आणि रोजच्या रस्त्यावर चांगल्या प्रेशरचा पंप असेल, तर बाहेरून सीएनजी किट बसवून घ्यायला हरकत नाही. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर पैसे बँकेत राहू द्या. आणि बसवायचंच ठरलं, तर इटालियन किट कुठल्या कंपनीचं यावर डोकं खाण्यापेक्षा बसवणारा मिस्त्री कोण आणि तो ट्यूनिंगला किती वेळ देतो, ते बघा. लोवाटो, टोमासेटो, बीआरसी, लांडी रेन्झो यांपैकी कुठलंही किट नीट बसलं तर चालतं आणि घाईत बसवलं तर छळतं.

हे परीक्षण हजार ते बाराशे सीसीच्या चार सिलिंडरवाल्या हॅचबॅकला बसणाऱ्या सिक्वेन्शियल किटचं आहे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या किटचं. सोबत ६० लिटरची टाकी. पुण्या-मुंबईकडे याचे पन्नास ते सत्तर हजार सांगतात. आपण साठ धरू.

हिशेब असा. पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी सीएनजीवर किलोला साधारण २० देते. शहराच्या ट्रॅफिकमध्ये १७-१८, हायवेवर २२ पर्यंत. २०२५ च्या मध्याला मुंबईत पेट्रोल एकशे साडेतीनच्या आसपास होतं, सीएनजी ८०. म्हणजे पेट्रोलवर किलोमीटरला ६ रुपये ९० पैसे आणि गॅसवर ४ रुपये. पण हजारच्या हजार किलोमीटर गॅसवर होत नाहीत. गाडी सुरू होते पेट्रोलवरच, इंजिनचं पाणी तापलं की मग गॅसवर जाते. महिन्याचे ५० किलोमीटर पेट्रोलचे धरले तर खर्च ६,९०० वरून ४,१५० वर येतो. त्यातून प्लग, फिल्टर, टाकीची टेस्टिंग आणि इन्शुरन्सचा वाढीव प्रीमियम असे वर्षाचे पाच हजार वजा करा. हातात उरतात महिन्याला २,३०० च्या आसपास. किटचे पैसे सुटायला सव्वादोन वर्षं लागतात.

महिन्याला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षाभरात सुटतात. पाचशे किलोमीटरवाल्याला मात्र पाच वर्षं लागतात, कारण प्रीमियम आणि टेस्टिंगचा खर्च गाडी उभी असली तरी चुकत नाही. दुकानात हा भाग सांगत नाहीत. तिथे फक्त दोन भावांमधला फरक कॅल्क्युलेटरवर मारून दाखवतात.

शिवाय तो फरकही कायमचा नाही. २०२२ चं उदाहरण घ्या. एप्रिलच्या मध्याला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे होतं आणि सीएनजी ७२. राज्याने १ एप्रिलपासून सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणलेला होता. वरच्याच ॲव्हरेजने किलोमीटरमागे जवळजवळ साडेचार रुपये वाचत होते. किट बसवायला रांगा लागल्या. मग मे महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं, जुलैत राज्याने पेट्रोलवरचा व्हॅट उतरवला, पेट्रोल १०६ वर आलं. तिकडे परदेशातला गॅस महागला आणि ऑगस्टमध्ये सीएनजी ८६ ला पोहोचला. चार महिन्यांत बचत किलोमीटरला पावणेतीन रुपयांवर उतरली. नागपुरात तर त्याच वर्षी सीएनजी १२० रुपये किलोपर्यंत गेला होता, कारण तिथे पाइपलाइन नव्हती आणि गॅस द्रवरूपात टँकरने यायचा. तेव्हा आजचा नाही, गेल्या दोन-तीन वर्षांचा आपल्या गावचा भाव काढा आणि मग हिशेब मांडा.  

आता किटबद्दल. डिकीत टाकी. टाकीतला दाब २०० बार. तिथून गाडीखालून सहा मिलिमीटरचा स्टीलचा पाइप बॉनेटमध्ये येतो आणि रिड्यूसरला लागतो. रिड्यूसर दाब उतरवून दोन बारच्या आसपास आणतो. पुढे फिल्टर, मग चार इंजेक्टरची रेल, आणि प्रत्येक इंजेक्टरपासून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरला हवा पोहोचवणारा फाटेवाला पाइप) एक छोटी रबरी नळी. सगळ्यावर किटचा स्वतंत्र ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, जो पेट्रोल इंजेक्टरचे सिग्नल वाचून गॅसचे इंजेक्टर उघडतो. जुन्या व्हेंचुरी किटमध्ये हे नव्हतं, गॅस हवेच्या वाटेवर नुसता सोडला जायचा. स्वस्तात कुणी तसलं किट इंजेक्शनच्या गाडीला बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबा फुटतो.

बसवण्यात तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिलं मॅनिफोल्ड. गॅसच्या नळ्यांसाठी त्याला चार भोकं पाडावी लागतात. मॅनिफोल्ड इंजिनवरून उतरवूनच ड्रिल मारायला हवं. तसं करायला दोन-तीन तास जादा लागतात, म्हणून अनेक जण जागेवरच ड्रिल मारतात आणि बिटला ग्रीस लावून ‘कचरा ग्रीसला चिकटतो’ असं सांगतात. थोडा चिकटतो, बाकीचा व्हॉल्व्हमधून आत जातो. भोकं पेट्रोल इंजेक्टरच्या शक्य तितकी जवळ आणि व्हॉल्व्हच्या दिशेने तिरकी हवीत. चारही नळ्या एका लांबीच्या आणि आखूड हव्यात. एक नळी लांब राहिली की त्या सिलिंडरला गॅस उशिरा पोहोचतो आणि गाडी आयडलला (उभ्या जागी चालू असताना) थरथरते. गाडी घ्यायला गेल्यावर बॉनेट उघडून नुसत्या डोळ्यांनी हे दिसतं.

दुसरं रिड्यूसरचं पाणी. २०० बारवरून दोनवर येताना गॅस प्रचंड थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचा गरम कूलंट फिरवलेला असतो. किट बसवताना कूलंटची नळी कापली जाते आणि आत हवा राहते. ती हवा काढली नाही तर गावात गाडी ठीक चालते, पण हायवेवर शंभरच्या वेगात रिड्यूसर गोठतो, प्रेशर पडतं, गाडी झटके देते आणि आपोआप पेट्रोलवर जाते. इंजेक्टर खराब झाला असं सांगून नवी रेल गळ्यात मारण्याआधी कूलंटची पातळी बघायला सांगा. बॉनेट उघडून रिड्यूसरला हात लावून बघा. इंजिन गरम आणि रिड्यूसर गार असेल तर दोष पाण्याचा आहे.

तिसरं ट्यूनिंग, आणि गाडीचं सुख-दुःख इथेच ठरतं. लॅपटॉप जोडून उभ्या गाडीवर ऑटो कॅलिब्रेशन केलं की दहा मिनिटांत काम झालं असं भासवतात. ती फक्त सुरुवात असते. त्यानंतर गाडी रस्त्यावर काढून आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर वेगवेगळ्या लोडला चालवायची, दोन्हीचे मॅप (कुठल्या लोडला किती इंधन, त्याचे तक्ते) एकमेकांवर बसवायचे. गॅसवर फ्युएल ट्रिम (मिश्रण बरोबर ठेवायला गाडीचा ईसीयू इंधनात करतो ती कमी-जास्त) शून्याच्या आसपास, फार तर पाच-सात टक्के इकडे-तिकडे राहायला हवा. तो अधिकच्या बाजूला पंधरा-वीस टक्क्यांवर गेला असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त, गॅस कमी: ॲव्हरेज छान दिसेल, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भाजतील आणि इंजिनचा दिवा लागेल. ‘किलोला २८ काढून देतो’ म्हणणारा नेमकं हेच करतो. मॅपचा फोटो मागा, ट्रिमचे आकडे मागा. चांगला ट्यूनर कौतुकाने दाखवतो.

मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडलेली बरी. त्यासाठी टायमिंग ॲडव्हान्सर मिळतो. हायवे जास्त असेल तर तो घ्यावा, गावातल्या गावात फिरणाऱ्याला फार फरक पडत नाही.

चालवायला गाडी कशी होते? साधारण दहा टक्के ताकद जाते. गॅस इंजिनमध्ये हवेची जागा खातो, तेवढी हवा कमी मिळते, त्यावर इलाज नाही. सपाटीवर दोन दिवसांत सवय होते. चार माणसं, एसी आणि कसारा घाट असं जुळून आलं की तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर लागतो. ओव्हरटेकच्या आधी स्विच पेट्रोलवर टाका. टाकी, तिचं ब्रॅकेट आणि गॅस मिळून सत्तर-ऐंशी किलो होतात, म्हणजे एक माणूस कायमचा मागे बसवल्यासारखं. मागची स्प्रिंग दबते, स्पीडब्रेकरला गाडी टेकते. मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त ठेवा. डिकी गेलीच समजा. आणि टाकी बसवायच्या आधी विचारा, स्टेपनी कशी निघणार? काही हॅचबॅकमध्ये ब्रॅकेट नेमकं स्टेपनीच्या झाकणावर येतं.

टाकीबाबत काटकसर नको. गळ्यावर नंबर, पाण्यातली क्षमता, रिकामं वजन, दाब आणि चाचणीचा महिना-वर्ष कोरलेलं असतं. ते सर्टिफिकेटशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. टाकी बंद डिकीत असते, त्यामुळे व्हॉल्व्हवर हवाबंद पिशवी आणि तिथून गाडीबाहेर जाणारी नळी असायलाच हवी. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्टिंग (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) सक्तीची आहे, काढण्या-बसवण्यासकट दोन-तीन हजार लागतात. मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस नाकारतात, आणि ते योग्यच आहे.

‘साठ लिटर’ म्हणजे साठ लिटर पाणी. कागदावर नऊ-दहा किलो गॅस मावतो, पंपावर आठ-साडेआठ जातो. वेगाने भरताना गॅस तापतो, दाब २०० ला पोहोचतो आणि पंप थांबतो. गाडी गार झाली की काटा खाली येतो. ही फसवणूक नव्हे. पण पाइपलाइन नसलेल्या पंपावर ट्रकमधून आलेल्या टाक्यांवर काम चालतं. त्या रिकाम्या होत आल्या की सहा किलोवर भागवावं लागतं, म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर पुन्हा रांगेत. म्हणून किट बसवण्याआधी जवळचा पंप ऑनलाइन, म्हणजे थेट पाइपलाइनला जोडलेला, आहे का, ते रिक्षावाल्यांना विचारा. त्यांना सगळं ठाऊक असतं.

देखभाल अवघड नाही, पण टाळून चालत नाही. प्लगचा गॅप पेट्रोलच्या १ मिलिमीटरवरून ०.७-०.८ वर आणावा लागतो, कारण गॅसला पेटायला जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या कॉइल इथेच उघड्या पडतात, चढावर गाडी मिसिंग मारते. एअर फिल्टर पाच हजारांवर साफ, गॅस फिल्टर वीस हजारांवर नवा. पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर येऊन रिड्यूसरमध्ये आणि रेलमध्ये साचतं. सकाळी पहिली काही मिनिटं गॅसवर आयडल डगमगत असेल तर रेल साफ करून घ्या. टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) दर वीस हजारांवर तपासा. पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनचे व्हॉल्व्ह सीट गॅसच्या कोरड्या उष्णतेने हळूहळू झिजून आत बसतात, गॅप संपतो, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीत सीट कठीण धातूचे असतात, मागची स्प्रिंगही जड असते. नवीनच गाडी घेणार असाल तर बाहेरच्या किटच्या नादी लागू नका. इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल ते वेगळंच.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून फिरणं ही सगळ्यात महागडी काटकसर. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो. पाव टाकी कायम ठेवा आणि आठवड्याला दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर चिकटतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य पाइपलाइनला इजा होऊन वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनचा (शहराला गॅस जिथून मिळतो ते ठिकाण) पुरवठा अडला आणि मुंबई-ठाण्याचे पंप कोरडे पडले, तेव्हा ज्यांच्या टाकीत पेट्रोल होतं त्यांचं काम अडलं नाही.

कागदपत्रं. किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवं, त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. २०२२ पासून साडेतीन टनांखालच्या बीएस ६ (प्रदूषणाचे नवे नियम) पेट्रोल गाड्यांनाही किट बसवायची परवानगी आहे, पण मान्यता मॉडेलनुसार असते. बसवल्यावर आरटीओत गाडी दाखवून आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ करून घ्यायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी काढा. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये असा जादा प्रीमियम बसतो, त्यावर सवलत मिळाली तर वेगळी. हे न करता गाडी फिरवली आणि अपघात झाला, तर किटच्या साठ हजारांसाठी लाखांचा क्लेम अडकतो. आरटीओचं काम किटच्या किमतीतच आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी बिलावर लिहून घ्या. नंतर त्याचे वेगळे पैसे मागितले जातात.

गाडीला बारा वर्षं झाली असतील, ऑइल खात असेल किंवा कॉम्प्रेशन कमी असेल तर किटचा विचार सोडा. पेट्रोलवर झाकलं जाणारं दुखणं गॅसवर उघडं पडतं. कॉम्प्रेशन टेस्टला फार पैसे लागत नाहीत. ती किटवाल्याकडे करू नका, नेहमीच्या गॅरेजात करा, कारण किटवाल्याला तुमचं इंजिन कधीच वाईट वाटत नाही.