पुण्यात स्वतःची गाडी की कॅब-रिक्षा?

सहा लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, पाच वर्षं: हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास. शोरूमवाला इथेच थांबतो. महिन्याला 600 किलोमीटर रनिंग आणि गर्दीत लिटरला 15 चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर 40 लिटर पेट्रोल, म्हणजे चार हजारांच्या वर. विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग धरून वीस हजारांच्या घरात जातंच. गाडी सोसायटीत धूळ खात उभी राहिली तरी हप्ता चुकत नाही.

तेवढंच अंतर कॅबने, किलोमीटरला 22 रुपये धरून, तेरा हजारांत. मेट्रो सोयीची असेल तर आणखी कमी. ऐन पावसात कॅबवाले राइड कॅन्सल करतात, हे खरंच. घरात गुडघेदुखीची आजी किंवा तान्हं बाळ असेल, तरच मी हप्ता मनावर घेईन. रनिंग हजार किलोमीटरच्या पुढे गेलं, तर मात्र पारडं गाडीकडे झुकतं.